एक पीळ जास्त

"मावशी, दार खाली येतं की नाही तेवढं सांगा. भूत येतं का ते मागाहून बघू."

"येतं गं. खाली येतं. जमिनीला वीतभर उरलं की थांबतं, थरथरतं, आणि आल्या पावली वर जातं."

"दर वेळी?"

"दर वेळी. कोणी पाय घातल्यासारखं."

"पाय दिसला का कोणाचा?"

"दिसला असता तर तुझ्याकडे कशाला आले असते? त्यालाच म्हटलं असतं, बाबा, काढ पाय."

वहिनी हसली, पण हसू ओठाच्या कडेलाच राहिलं. समोरच्या स्टुलावर शिवणमावशी बसली होती. गळ्यात टेप, पदराला दोरे चिकटलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानेच बांधलेली. इतकी वर्षं या दुकानाची पायरी न चढलेली बाई आज चालत आली होती, आणि ती का आली हे दोघींनाही ठाऊक होतं.

"नवी मोटर बसवली," मावशी म्हणाली. "जुनीचं दातेरी चाक झिजून पीठ झालं. नवी बसवणारा म्हणाला, मोटर ठणठणीत आहे, दारच हट्टी आहे. मी म्हटलं, मग दाराचं बघ. तर पोरगा शिडीवरून उतरला, सामान आवरलं आणि म्हणतो, आजी, ते वरचं काम माझं नाही."

"कोणाचं म्हणाला?"

"तुमच्या घरचं."

दुकानाच्या मागच्या बाजूला ग्राइंडर चालू होता तो बंद पडला. तिथे वहिनीचा दीर होता. धाकटा मिस्त्री. त्याचे कान इकडे होते.

मावशी पुढे झुकली. "माझं एकच म्हणणं आहे. दार मिटलं नाही तरी चालेल, इतकी वर्षं चाललंच ना. पण तू वर चढ, स्प्रिंगचे पीळ मोज, आणि मला सांग. मी चुकले होते का नाही. तोंडावर सांग. मरताना मला ते कोडं नको."

वहिनीने हातातला पान्हा खाली ठेवला. मग उगाचच पुन्हा उचलला.

---

वहिनी म्हणजे नात्याने एकाच माणसाची वहिनी, पण या धंद्यात सगळ्या गावाची. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे मिस्त्रीसुद्धा तिला वहिनीच म्हणतात. गॅरेजची आपोआप उघडणारी दारं दुरुस्त करणं हे त्यांच्या घरचं काम. नवरा होता तोवर ती दुकानात बसायची, फोन घ्यायची, सुटे भाग द्यायची. नवरा गेल्यावर दुकानात बसून पोट भरेना, तेव्हा पाटलोण चढवून घोड्यावर चढली. घोडा म्हणजे दोन पायांची उघडमिट शिडी. पहिल्यांदा चढली तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. तिने वरून विचारलं, "काय, तिकीट काढून आलात का?" मग गेली.

दारांच्या डोळ्यांचं काम तिच्याकडे. दाराच्या दोन्ही बाजूंना घोट्याच्या उंचीवर दोन डोळे असतात, एक उजेड टाकतो, दुसरा झेलतो. मध्ये मांजर आलं तरी दार वर पळतं. निम्मे आजार या डोळ्यांचेच. कोळी जाळं विणतो, पोरं चेंडू मारतात, कलतं ऊन थेट आत शिरतं, आणि दार मिटायला तयार होत नाही. मग घरमालक घाबरून फोन करतो. वहिनी जाते, फडक्याने डोळा पुसते, तिरळा झालेला सरळ करते आणि सांगते, "सर्दी झाली होती. बरं आहे आता." मोटर, रिमोट, साखळी, चाकं, रूळ, हे सगळंही ती करते.

फक्त स्प्रिंगला हात लावत नाही.

स्प्रिंग म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच लटकलेलं आहे. लोकांना वाटतं दार मोटर उचलते. मोटर कसली उचलते! मोटर नुसतं बोट लावते. दाराचं ओझं उचलते ती दाराच्या माथ्यावर आडवी बसलेली स्प्रिंग. दोन हात लांब, मनगटाएवढी जाड. तिला लोखंडी सळयांनी पिळून ठेवतात. जेवढं दार जड तेवढे पीळ. पीळ कमी पडला तर दार धाडकन खाली येतं. जास्त झाला तर खाली टेकतच नाही. आणि पिळताना सळई हातातून सुटली तर ती माणसाचा जबडा घेऊन जाते. ते काम धाकट्याचं.

पूर्वी दोघं भाऊ मिळून करायचे. त्यांची एक रीत होती, दुसऱ्या कुठल्या दुकानात नव्हती. थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा, वर पिळायचा आणि धाकटा खाली उभा राहून मोठ्याने आकडा म्हणायचा. एक पीळ म्हणजे चार ढकली. चौथी ढकल झाली की थोरला वरून "हं" करायचा, खालून आकडा यायचा. थोरला स्वतः कधी मोजत नसे. म्हणायचा, डोकं मोजायला लागलं की हात ढिला पडतो. बाकीचे मिस्त्री चेष्टा करायचे. "काय मिस्त्री, शाळा भरली का? पाढे चालू आहेत!" पण त्यांनी पिळलेलं दार अर्ध्यावर सोडलं तर अर्ध्यावर थांबायचं, वर नाही, खाली नाही, पाण्यात सोडलेल्या लाकडासारखं. ते बघायला तेच चेष्टेखोर यायचे.

शिवणमावशीच्या घरी दार बसवायचं होतं त्या दिवशी धाकटा आला नाही. कोणाची तरी जुनी मोटारसायकल बघायला गेला होता. थोरला एकटाच गेला. मावशी गॅरेजात मशीन टाकून शिवत बसलेली. तिचं ते कामाचं घरच, गाडी कधीच विकली होती. थोरला वर चढून म्हणाला, "मावशी, मी हं केलं की तुम्ही फक्त आकडा म्हणा."

मावशीने म्हटले आकडे. पण एका झग्याची चूण धरायची होती, तोंडात टाचण्या होत्या. मधला एक "हं" आला तेव्हा तिला बोलता आलं नाही. टाचण्या काढल्या आणि पुढच्या "हं"ला तिने मागचाच आकडा म्हटला, असं तिला वाटतं. वाटतं म्हणजे, त्या वेळी लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते नंतर.

थोरला पिळून झाल्यावर खाली उतरला. तिच्या कापायच्या टेबलाला टेकून उभा राहिला. "पाणी द्या," म्हणाला. ती पाणी घेऊन आली तेव्हा तो टेबलाखाली बसलेला होता, पाय पसरून, दमलेला माणूस बसतो तसा. ग्लास तिच्याच हातात राहिला.

डॉक्टर म्हणाले हृदय. अंगावर ओरखडाही नव्हता. पण धंद्याला हृदय पटत नाही. धंद्यात बोललं गेलं ते एवढंच की त्याला स्प्रिंगने नेला. आणि त्या दिवसापासून ते दार काही आपणहून टेकलं नाही.

एकामागून एक मिस्त्री येऊन गेले. एकाने डोळे बदलले. एकाने रूळ ठोकले. एकाने मोटरचा जोर वाढवून दिला, ती चार दिवस दार जबरदस्तीने दाबून बसवायची आणि मग तिचेच दात पडायचे. चाकं बदलली, खालची रबराची पट्टी बदलली. सगळ्यांनी सगळं तपासलं. वरच्या पिळाला कोणी हात लावला नाही. लावला नाही असंही कोणी म्हणालं नाही. "स्प्रिंग बघितली, चांगली आहे," असं न बघताच प्रत्येकाने सांगितलं. मग संध्याकाळी चार टाळकी जमली की कोणीतरी म्हणायचं, सुंभ जळला पण पीळ काही जळला नाही. हसायचे. हसून झाल्यावर गप्प व्हायचे.

ते बोलणं वहिनीच्या कानावर आलं होतं. धंद्यात कोणाचं काय कानावर येत नाही?

---

मावशी गेल्यावर धाकटा पुढे आला. हात फडक्याला पुसत, नजर फडक्यावरच.

"वहिनी, जायचं नाही."

"का हो भाऊजी?"

"त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही."

"तुम्हाला कोण म्हणतंय ठेवा म्हणून? पाऊल माझं आहे."

"स्प्रिंग तुम्हाला येत नाही."

"येत नाही कशी? एवढी वर्षं तुम्ही दोघं पिळत होता, तेव्हा मी डोळे मिटून बसले होते का? हात लावत नाही म्हणजे येत नाही असं नव्हे."

"आणि वर बघून करणार काय? पीळ सात असले तर काय, आठ असले तर काय? दादा येणार आहे का परत?"

धाकट्याचा आवाज चढला होता, तो त्याने गिळला. त्याला काय बोचतंय ते तिला ठाऊक होतं. मोटारसायकल त्याने त्या दिवशी घेतली नव्हती, नंतरही कधी घेतली नाही. आणि आकडा तर तो तेव्हापासून मोठ्याने म्हणतच नाही. स्वतः पिळतो, स्वतः खडूने भिंतीवर रेघा मारतो. गिऱ्हाइकांच्या भिंती खराब होतात, बोलणी खातो, पण तोंड उघडत नाही.

"मला दारापर्यंत सोडा तरी," ती म्हणाली. "घोडा डोक्यावर घेऊन चालत जाऊ का?"

त्याने सोडलं. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली, घोडा उतरवून दिला, दोन सळया दिल्या. सळया देताना म्हणाला, "समोर उभं राहायचं नाही. कडेला."

"माहीत आहे."

"तोंड लांब ठेवायचं."

"तोंड माझं कधी जवळ असतं?" ती म्हणाली आणि घोडा खांद्यावर टाकून निघाली.

---

दुपार कलली होती. मावशीचं गॅरेज म्हणजे लांबट खोली, एका बाजूला शिवणयंत्र, मध्ये कापायचं टेबल, भिंतीला शिवून झालेले कपडे हँगरवर. बिनडोक्याची माणसं ओळीने उभी असावीत तसे. दाराच्या खाली चिंध्यांची लांब वळकटी पडलेली. संध्याकाळी दार वीतभर आलं की मावशी मोटर बंद करायची आणि फटीत वळकटी कोंबायची. उंदीर येऊ नयेत, थंडी येऊ नये म्हणून. आणखीही काही येऊ नये म्हणून असेल. ते तिने सांगितलं नाही.

वहिनीने वर बघितलं आणि थबकली. दाराच्या माथ्यावर, जिथे स्प्रिंग असते, तिथे पडदा होता. कापडाचे उरलेले तुकडे जोडून शिवलेला, वरून खिळ्यांनी भिंतीला ठोकलेला, नीट चुणीचा.

"हे काय, मावशी?"

"शिवला."

"का?"

"दिवसभर तिथेच बसते मी. मान वर केली की तेच."

म्हणजे मिस्त्र्यांनी बघितलं नाही यात नवल नव्हतं. बघायला पडदा उचलावा लागत होता.

वहिनीने आपल्या पद्धतीने सुरुवात केली. दाराचे डोळे पुसले, दोन्ही लुकलुकत होते. रुळांवरून बोट फिरवलं. चाकं हाताने गरागरा फिरवली. बटण दाबलं. दार कुरकुरत खाली आलं, वीतभर उरलं, थांबलं. तिने दाराला तळवा लावून ठेवला होता. दार थरथरत होतं. मग वर गेलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. आजारी माणसाच्या छातीला हात लावावा तसा तिचा हात दारावर होता. तिला वाटलं, हे अडत नाही. हे ढकलतंय.

"मावशी, बाजूला व्हा. मोटर सोडवते."

मोटरला जोडणारी लाल दोरी असते. ती ओढली की दार मोटरपासून सुटतं, मग ते नुसतं दार आणि नुसती स्प्रिंग. वहिनीने दोरी ओढली. दार दोन्ही हातांनी दाबत खाली आणलं. शेवटच्या वितीला तिला अंगाचा भार टाकावा लागला. दार जमिनीला टेकलं. खोली अंधारली. तिने हात काढले.

दार हललं.

कोणी नव्हतं. मोटर सुटलेली, तिची वीज बंद केलेली, वारा नाही. खालच्या कडेला उजेडाची एक रेघ आली, रुंद होत गेली, आणि दार सावकाश, अजिबात आवाज न करता, घोट्यापर्यंत, मग नडगीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत वर आलं. तिथे थांबलं. बाहेरचा उजेड आत लांबपर्यंत पसरला, टेबलाच्या पायांपर्यंत, जिथे तो बसला होता तिथपर्यंत.

मावशीने तोंडाला पदर लावला होता. "बघितलंस? हेच बघून पळतात सगळे."

वहिनीच्या पाठीवरूनही काटा सरकला. तिला कारण ठाऊक होतं. कारण ठाऊक असल्याने काटा येत नाही असं थोडंच आहे? उलट जास्त आला. हे भूत नव्हतं, हे तिला कळत होतं. दार जो उचलतोय तो जोर आहे, आणि जोर आपोआप येत नाही. कोणीतरी तो तारेत भरलेला असतो. त्या तारेत शेवटचा जोर भरला तो तिच्या नवऱ्याने. माणूस गेला, जाळून आलो, कपडे वाटून टाकले, वापरायची भांडी घरात मिसळून गेली, आणि त्याच्या दंडातला जोर मात्र इथे, या शिवणाच्या खोलीत, इतकी वर्षं रोज संध्याकाळी काम करत होता.

तिने दार पुन्हा दाबून टेकवलं आणि रुळाला दोन्हीकडून पकडी आवळून जखडलं. उजेडाची रेघ विझली. दिवा लावला. घोडा मांडला आणि वर चढून पडद्याचे खिळे एकेक उपटले.

स्प्रिंगवर पांढऱ्या रंगाची रेघ होती. ही पण त्यांच्या दुकानाची रीत. पिळण्याआधी स्प्रिंगवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढायची. पीळ बसत गेला की रेघ वेलासारखी भोवती गुंडाळत जाते. जितके वळसे, तितके पीळ. या उंचीच्या दाराला सात.

तिने धूळ पुसली आणि बोट लावून मोजलं. मग दुसऱ्या टोकाकडून मोजलं.

खाली मावशी उभी होती, हात टेबलाच्या कडेला गच्च. "किती?"

इथे वहिनी एक क्षण थांबली. सात म्हणणं अवघड नव्हतं. सात म्हणायचं, पडदा पुन्हा ठोकायचा, घोडा उचलून घरी जायचं. पण मग दार उद्याही वीतभर अडलं असतं आणि परवाही, आणि या बाईला ते रोज संध्याकाळी सांगत राहिलं असतं.

"आठ," ती म्हणाली.

मावशी हळूच स्टुलावर बसली. गळ्यातला टेप काढून मांडीवर ठेवला, त्याची गुंडाळी करायला लागली. गुंडाळून झाला की सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा.

"जन्मभर मापं घेतली मी," ती म्हणाली. "अर्ध्या बोटाची चूक नाही कोणाच्या बाहीत."

"मावशी, उठा. तिथे बसू नका, दाराच्या समोर. इकडे कडेला या."

"आता काय उरलंय?"

"काम उरलंय. एक पीळ सोडायचाय. मी हं केलं की आकडा म्हणा."

मावशीने वर बघितलं. "मी नाही. मला नको सांगूस. तुझ्या दिराला बोलाव."

"ते येत नाहीत. आणि मला मोजत मोजत ढकलता येत नाही, घरची सवय आहे. फक्त चार आहेत. शेंबड्या पोराला येतात. तोंडात टाचण्या नाहीत ना?"

"नाहीत."

"मग या."

तिने पहिली सळई स्प्रिंगच्या टोकाच्या भोकात घातली, भार घेतला, दुसऱ्या हाताने पान्ह्याने आवळलेले बोल्ट सैल केले. बोल्ट सुटले आणि सगळा जोर सळईत उतरला.

घोडा करकरला. तिला वाटलं होतं झटका बसेल. झटका नव्हता. जोर सरळ, सलग, न घाई करता तिच्या मनगटात, कोपरात, खांद्यात आला. तिचा नवरा असाच ढकलायचा. कपाट सरकवताना, अडलेली गाडी ढकलताना, दमला तरी ढकल तीच, ना कमी ना जास्त. पोलादाला ओळख नसते, ते तिलाही कळतं. कुठल्याही मिस्त्रीने पिळली असती तरी स्प्रिंग अशीच ओढली असती. पण इतक्या वर्षांत त्या माणसाने पहिल्यांदाच तिला ढकललं होतं, आणि ती दात आवळून त्याला धरून उभी होती.

ती पाव वळसा मागे आली. दुसरी सळई घातली, पहिली काढली.

"हं."

खालून आवाज नाही.

"मावशी!"

"एक," मावशी म्हणाली. आवाज फाटका होता.

"हं."

"दोन."

तिसऱ्याला वहिनीचे दंड थरथरायला लागले. घाम डोळ्यात उतरला, पुसायला हात नव्हता.

"हं."

"तीन."

शेवटची ढकल उरली. ही त्याने कधी मारली होती? आठव्या पिळातली पहिली. हिच्यानंतर आणखी तीन मारून तो खाली उतरला आणि पाणी मागितलं. ती सळई धरून थांबली. लागतं त्याहून जास्त थांबली. मावशी खालून बघत होती, तिला काही कळेना.

"काय झालं गं? सोड की."

"सोडते."

"हात थरथरतायत तुझे."

"थरथरू दे. सोडते."

तिने सोडलं, म्हणजे सावकाश, तसूतसूने, शेवटपर्यंत धरून सोडलं. "हं" करायचं ती विसरली. पण मावशी विसरली नाही. "चार," ती म्हणाली, स्पष्ट, तोंड भरून.

वहिनीने बोल्ट आवळले. दोनदा आवळले. पकडी काढल्या. दार जमिनीवर होतं. दोघी बघत राहिल्या. दार हललं नाही. उजेडाची रेघ आली नाही. तिने दार अर्ध्यावर उचलून सोडलं, अर्ध्यावर थांबलं. मोटर पुन्हा जोडली, जोर कमी करून ठेवला, बटण दाबलं. दार खाली आलं, वीतभर उरलं, तिथे न थांबता टेकलं, आणि खटका वाजून मोटर शांत झाली. इतक्या वर्षांत ती खोली पहिल्यांदा जोर न लावता पूर्ण मिटली होती. बाहेरचा आवाज तुटला. हँगरवरचे कपडे हलायचे थांबले.

"उघड," मावशी एकदम म्हणाली. "उघड, उघड आधी."

वहिनीने उघडलं. मावशी दारात जाऊन उभी राहिली, पाठमोरी.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

वहिनी सळया गोणपाटात गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही.

"मावशी, नीट ऐका. पुन्हा सांगणार नाही. आकडा तुमचा चुकला. दार तुमच्यामुळे मिटत नव्हतं. ते तुमच्याकडे. पण छाती त्यांची होती. सहा महिने जिना चढताना थांबायचे. मला माहीत होतं, भाऊजींना माहीत होतं, समोरच्या चहावाल्याला माहीत होतं. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचे, आधी ही चार दारं होऊ देत. हे तुमच्याकडे कसं येईल?"

"तो एक पीळ नसता तर?"

"तर पुढच्या दाराला गेले असते."

मावशी डोळ्यांना पदर न लावता, तशीच, नाक ओढून म्हणाली, "चहा टाकते."

"नको. गाडी उभी आहे."

हे जे तिने सांगितलं ते खरं सांगितलं की बरं सांगितलं, ते तिचं तिला ठाऊक. ठाऊक तरी असेल का कोण जाणे. चार ढकली म्हणजे काय ते तिच्या दंडांना आता कळलं होतं. निरोगी बाईचे दंड त्यांनी थरथरले होते. दुखऱ्या छातीच्या माणसाला त्या चार किती पडल्या असतील, हे विचारायला आता तो पीळही उरला नव्हता. तेवढं तिने स्वतःच्या हाताने सोडून दिलं होतं. मावशीच्या खोलीतून जे निघालं ते घोड्याबरोबर तिच्याच खांद्यावर चढलं, एवढं खरं. वाटेत दोनदा तिने घोडा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

गल्लीच्या तोंडाशी धाकटा गाडीला टेकून उभा होता. गेलाच नव्हता. त्याने घोडा घेतला, गाडीवर बांधला, दोर आवळला. दोर आवळतानाच विचारलं, "किती होते?"

"सात."

त्याचा हात दोरावर थांबला. "मग दार का मिटत नव्हतं?"

"वरचं एक चाक रुळात अडत होतं. वाकलेलं."

"एवढ्या जणांना दिसलं नाही?"

"आंधळे आहेत सगळे. तुम्हीच म्हणता ना?"

धाकट्याने तिच्या तळहातांकडे बघितलं. दोन्ही तळव्यांवर सळयांचे लाल वळ उठले होते, मधोमध, आडवे. चाक सरळ करताना असे वळ उठत नाहीत, हे त्याच्याएवढं कोणाला ठाऊक असणार? तो गाडीत बसला आणि किल्ली फिरवली.

थोडं पुढे गेल्यावर वहिनीचा फोन वाजला. कोणीतरी घाबरलेला माणूस होता, त्याचं दार अर्ध्यातच अडकलं होतं, गाडी आत, त्याला स्टेशनवर कोणाला तरी आणायला जायचं होतं, आणि तो दाराला लोंबकळत होता.

"आधी लोंबकळायचं थांबवा," वहिनी म्हणाली. "दार आहे ते, झोपाळा नाही. डोळ्यावर कोळ्याचं जाळं आहे का बघा. खाली, घोट्यापाशी. नाही दिसत? मग कशालाच हात लावू नका. पत्ता सांगा."

धाकट्याने पत्ता ऐकूनच गाडी वळवली. वहिनीने खिशातलं फडकं काढलं, झटकलं, आणि त्याची स्वच्छ बाजू कुठली ते शोधायला लागली.